स्प्रूसच्या पोटात शिरणारं गिरमिट: चार उन्हाळ्यांनंतरचा हिशेब

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा चमच्यापायी गेला, अर्धा कंपनीच्या टपालापायी. पोलादाबद्दल मात्र माझी काडीचीही तक्रार नाही, आणि हे मी शब्दशः म्हणतेय, कारण गेले चार उन्हाळे मी त्यातून काड्याच काढतेय.

आमच्या कामात या हत्याराला सगळे ‘इन्क्रिमेंट बोअरर’ म्हणतात. मी गिरमिट म्हणते, कारण ते गिरमिटच आहे, फक्त पोकळ. सुताराचं गिरमिट भोक पाडतं आणि भुसा बाहेर टाकतं. हे भोक पाडतं आणि भुशाऐवजी खोडातली एक काडी हातात देतं, पेन्सिलीपेक्षा बारीक, सालीपासून आत गाभ्याच्या दिशेने गेलेली. त्या काडीवर झाडाचं एकेक वर्ष आडव्या रेघेसारखं उमटलेलं असतं. झाड न पाडता त्याचं वय काढायचं, कुठलं वर्ष त्याला मानवलं आणि कुठलं बाधलं ते बघायचं, एवढ्यासाठी हा खटाटोप. माक्स प्रेसलर नावाच्या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हे काढलं, आणि त्यात आजवर कुणाला फारसा बदल करावासा वाटलेला नाही. मूठ, दांडा, चमचा. मुठीच्या पोकळीत दांडा बसतो, दांड्याच्या पोकळीत चमचा, आणि सगळं मिळून पाठीवरच्या पिशवीच्या बाजूच्या खिशात. मूठ भडक रंगाची आहे हे सुरुवातीला मला पोरकट वाटलं होतं. ओल्या शेवाळात ती एकदा हरवून बघा, मग कळेल.

मी घेतलं ते ४० सेंटिमीटर लांबीचं, तीन आट्यांचं, ५.१५ मिलिमीटर जाडीची काडी देणारं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिच्याबद्दल जे यायचंय ते फार गोड नाही.

हत्याराचे गुणदोष कळायचे तर आधी जंगल कळायला हवं. मध्य युरोपातल्या डोंगरांमध्ये एक जुनं जंगल आहे, स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडांचं, राखीव, पिढ्यान्‌पिढ्या करवत न लागलेलं. तिथे माझं काम चालतं. अशी जंगलं युरोपात फार उरलेली नाहीत. एरवी स्प्रूस म्हणजे ओळीने लावायचा, मधेमधे विरळणी करायची आणि शंभरीच्या आसपास कापून मोकळं व्हायचं. चेक प्रजासत्ताकातलं बोउबिनचं जंगल १८५८ मध्येच राखून ठेवलं गेलं. तिथला ‘स्प्रूसांचा राजा’ १९७० मध्ये आपणहून कोसळला तेव्हा ५७ मीटरांहून उंच होता आणि वय होतं सुमारे ४४०. लागवडीच्या जंगलात एवढं म्हातारपण कुणाच्या वाट्याला येत नाही.

मला करवत न लागलेलंच जंगल का हवं, तर वाढीचं कारण शोधताना माणूस मधे येऊ नये म्हणून. लागवडीत एखाद्या वर्षापासून वलयं, म्हणजे काडीवरच्या त्या वर्षावर्षाच्या रेघा, रुंद व्हायला लागली, तर पहिला संशय विरळणीवर जातो. शेजारची झाडं कापली, उजेड मिळाला, झाड फुगलं. हवामानाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मग वनखात्याच्या जुन्या वह्या शोधत बसा. इथे तो घोळ नाही. इथला घोळ वेगळा आहे, त्याकडे येतेच.

आता प्रत्यक्ष भोक पाडणं. पहिले दोन-तीन फेरे सगळ्यात अवघड. टोक सालीवरून घसरतं, दांडा डुगडुगतो, आणि एकदा तिरकं लागलं की काडी शेवटपर्यंत तिरकी. मी छातीने मूठ दाबून धरते आणि दोन्ही हातांनी फिरवते. पहिल्या उन्हाळ्यात छातीवर जे निळे डाग पडले त्यांनी मला शहाणं केलं, आता मधे जाड फोमचा तुकडा धरते. आटे लाकडाला धरले की जोर लावायची गरज संपते, नुसतं फिरवत राहायचं. इथे तीन आटे की दोन हा प्रश्न येतो. तीन आट्यांचं दर फेऱ्याला जास्त आत सरकतं, म्हणजे फेरे कमी, पण फिरवायला ताकद जास्त. स्प्रूसचं लाकूड मऊ आहे, त्यामुळे तीन आटे मला सोयीचे पडले. ओक किंवा बीचमध्ये काम असेल तर दोन आट्यांचं घ्या, नाहीतर खांदे बोलायला लागतील.

हवं तेवढं आत गेलं की चमचा. ही अर्धगोल, लांब, पातळ पोलादी पट्टी, टोकाला बारीक दात. दांड्याच्या पोकळीतून ती काडीच्या कडेने आत सरकवायची, मग गिरमिट एक फेरा उलटं फिरवायचं. आत कुठेतरी ‘टक्’ होतं. काडी बुडाशी तुटली. हा आवाज मला अजूनही आवडतो. मग चमचा बाहेर ओढायचा, हळू, एका दमात, आणि त्यावर काडी निजलेली असते. ताज्या स्प्रूसची काडी बघण्यासारखी असते. सालीकडचा भाग ओला, किंचित पारदर्शक, उजेडात धरला तर मेणासारखा. आतला भाग कोरडा, पांढुरका. स्प्रूसच्या गाभ्याला पाइनसारखा वेगळा रंग नसतो, त्यामुळे जिवंत लाकूड कुठे संपलं हे फक्त या ओलीवरून कळतं, आणि तेही काही मिनिटंच. वाळलं की सगळं एकसारखं. म्हणून मी काडी हातात आल्या आल्या पेन्सिलीने खूण करते. नंतर ती कागदी नळीत. प्लास्टिकच्या नळ्या दिसायला बऱ्या, पण बंद केल्या की आत बुरशी धरते. माझ्या पहिल्या वर्षीच्या अकरा काड्यांना हिरवी लव आली होती.

काडी निघाली की गिरमिट ताबडतोब बाहेर. ‘जरा पाणी पिऊन येते’ असं म्हणायचं नाही. लाकूड दांड्याभोवती आवळतं आणि मग दोन माणसांना ते हलत नाही. थंडीत तर या भानगडीत पडूच नका, गोठलेल्या खोडात अडकलेलं गिरमिट तुटल्याच्या गोष्टी प्रत्येक जुन्या माणसाकडे आहेत.

भोक कुठे पाडायचं हे कंपनीच्या पत्रकात एका ओळीत उरकलंय. खरं तर अर्धं काम तिथेच आहे. उतारावर सूचिपर्णी झाड स्वतःला सरळ ठेवण्यासाठी खालच्या अंगाला जाड, गडद, दाबलेलं लाकूड घालतं. त्या बाजूने भोक पाडलं तर वलयं विनाकारण रुंद दिसतात, आणि तुम्ही खूश होऊन लिहिता की उन्हाळा छान गेला. म्हणून उताराला आडवं, बाजूने शिरायचं. उंची छातीएवढी, १.३ मीटर. याचाही एक हिशेब आहे जो लोक विसरतात: डोंगरमाथ्यावर, दाट सावलीत स्प्रूसच्या रोपाला छातीएवढं व्हायलाच कित्येक दशकं लागू शकतात. ती वर्षं काडीत येत नाहीत. मी मोजलेलं प्रत्येक वय हे ‘छातीपासूनचं’ वय आहे.

आता चमच्याची तक्रार. नवा कोरा आला तोच किंचित वाकडा होता. डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका, पण ४० सेंटिमीटर आत सरकवताना तो काडीच्या कडेऐवजी काडीच्या तोंडावरच आपटायचा. पहिल्या दिवशी सहा झाडांमधून मला चार धड काड्या मिळाल्या, दोनांचे तुकडे. मी कंपनीला फोटोसकट लिहिलं. तीन आठवडे उत्तर नाही. मग उत्तर आलं की चमचा उपभोग्य वस्तू असल्यामुळे हमीत बसत नाही, तरी ‘सदिच्छा म्हणून’ एक पाठवत आहोत. सदिच्छा आणखी महिन्याने पोचली आणि निघाली ३० सेंटिमीटरच्या गिरमिटाची. म्हणजे १० सेंटिमीटरने आखूड. ती मी आता तंबूचा खुंटा काढायला वापरते. पुढे जुना चमचा मी सपाट दगडावर ठेवून, लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत सरळ केला आणि तोच चालवला. दुसऱ्या हंगामात त्याचे दात बोथटले, काडी सटकायला लागली. सुईसारख्या कानशीने दात उभे केले. एवढ्या चांगल्या पोलादाचा दांडा बनवणाऱ्यांनी चमचा असा कागदी का करावा, कळत नाही. घेणार असाल तर पहिल्या दिवशीच एक जादा चमचा मागवा, आणि लांबी दोनदा लिहा.

दांड्याची परीक्षा मात्र दुसऱ्याच वर्षी झाली. खालच्या पट्ट्यातलं एक झाड, जाडजूड, मुळांपाशी पसरलेलं, उंचीने सगळ्यांच्या वर. माझ्याबरोबर नवीनच रुजू झालेला मुलगा होता. त्याने मुठीने खोडावर दोन ठोके दिले आणि म्हणाला, “ताई, बद्द आवाज येतोय.” मी म्हटलं, ओली साल आहे, येणारच. माझा अनुभव त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी जास्त, आणि कान त्याचे खरे.

पंचवीस सेंटिमीटरपर्यंत नेहमीसारखं गेलं. मग अचानक मूठ सैल पडली, जणू भिंतीतून पलीकडच्या खोलीत शिरलो. फिरवतेय ते नुसतं फिरतंय. दांड्याच्या तोंडातून तपकिरी पाणी ठिबकायला लागलं आणि तळघरासारखा वास आला. आत लाल कूज होती. हेटेरोबॅसिडियन नावाची बुरशी मुळांतून वर चढते आणि स्प्रूसचा गाभा पोखरत जाते. बाहेरून झाड हिरवंगार असतं. ठीक आहे, चूक झाली, बाहेर काढू, म्हणून उलटं फिरवायला लागले, तर गिरमिट जागच्या जागी गोल गोल. एक मिलिमीटर मागे येईना. कारण साधं आहे: आटे फक्त टोकाला असतात, आणि टोक आता कुजक्या लाकडात होतं. धरायला घट्ट काही नाही, मग मागे येणार कसं?

“ताई, सोडून द्यायचं का?” त्याने विचारलं. मी त्याच्याकडे असं बघितलं असणार की तो गप्प पिशवी उपसायला लागला. सामान बांधायचा पट्टा निघाला, कडीवाला. तो मुठीला अडकवला आणि समोरच्या झाडाला, सालीला काचू नये म्हणून जाकीट मधे घालून. मग तो पट्टा ताणत राहिला आणि मी उलटं फिरवत राहिले. ताण आणि फेरा एकाच वेळी. अर्धा तास काही नाही. मग खोडातून करकर ऐकू आली, टोकाचे आटे चांगल्या लाकडाला लागले, आणि पुढच्या काही फेऱ्यांत सगळं सुटलं. शेवटच्या फेऱ्याला मी पाठीवर पडले, गिरमिट छातीवर. पहिलं काम म्हणून दांडा सपाट फळीवर लोळवून बघितला. सरळ. केसभरही वाकला नव्हता. साडेतीनपैकी दोन तारे त्या संध्याकाळचे आहेत.

काडी? बाहेरचे पंचवीस सेंटिमीटर सुरेख, पुढे भिजलेला तपकिरी भुसा. तीही मी ठेवलीय. मुलगा आता प्रत्येक झाडाला आधी ठोके देतो, आणि मी ऐकते.

आता त्या वेगळ्या घोळाकडे. काड्या लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवायच्या, तंतू उभे ठेवून, मग १२० नंबरच्या काचपेपरपासून सुरुवात करून ६०० पर्यंत घासायच्या. तेव्हा कुठे भिंगाखाली पेशींच्या रांगा दिसतात: वसंतातलं फिकं लाकूड, उन्हाळा सरतानाची गडद कड, मधेमधे राळेच्या नळ्यांचे ठिपके. रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची. माझ्या वहीतल्या १७ नंबरच्या झाडाची काडी मी नव्या लोकांना नेहमी दाखवते. गाभ्यापासूनची पहिली ऐंशी वर्षं बोटाच्या एका पेरात मावतात. एकेक वलय केसाएवढं. हे झाड ऐंशी वर्षं मोठ्यांच्या सावलीत नुसतं जीव धरून होतं. स्प्रूसला ते जमतं, सावली सोसत थांबणं हा त्याचा धर्मच आहे. आणि मग दोन-तीन वर्षांत वलयं पाच-सहा पट रुंद होतात, आणि पुढे कित्येक वर्षं तशीच राहतात.

नवा माणूस लगेच म्हणतो, हवामान सुधारलं. नाही. शेजारी मेले. हा उसळीचा काळ १८७० च्या दशकातला आहे. १८७० च्या ऑक्टोबरातल्या वादळाने चेक-जर्मन सीमेवरच्या शुमावा डोंगरातली जंगलं आडवी केली, आणि मागोमाग पडलेल्या झाडांवर सालभुंगेरे, म्हणजे सालीखाली पोखरणारे किडे, माजले, हे इतिहासात नोंदलेलं आहे. आमचं जंगल त्याच वादळाच्या वाटेत आलं असावं, कारण १७ नंबरच्या आसपासची तीन झाडंही त्याच सुमाराला उसळी घेतात. पण ओढ्यापलीकडची घेत नाहीत. हवामान बदललं असतं तर ओढ्याच्या दोन्ही काठांना कळलं असतं.

म्हणजे करवत नसली तरी वादळ आहे, भुंगेरा आहे, आणि दोघेही विरळणीच करतात, फक्त परवानगी न घेता. एका झाडाची काडी घेऊन त्यावरून पाऊसपाण्याच्या गप्पा मारणाऱ्याचं म्हणूनच ऐकू नये. वीस-पंचवीस झाडं हवीत, आणि त्यांचे चढउतार एकमेकांवर बसवून बघायला हवेत. चारदोघांचंच असेल ते घरगुती भांडण, सगळ्यांचं असेल ते हवामान. शिवाय वय वाढलं की वलय आपोआप अरुंद होतं, कारण तेवढंच लाकूड अधिकाधिक मोठ्या घेरावर पसरायचं असतं. हा उतार गणिताने काढून टाकावा लागतो. लागवडीतल्या झाडाला एक साधी घसरती रेषा पुरते. १७ नंबरसारख्या, आधी दबलेल्या आणि मग उसळलेल्या झाडाला ती लावलीत तर सगळं वाकडं येतं, तिथे लवचीक वक्र लागतो. आणि वक्र फार लवचीक घेतलात तर हवामानाचे लांब चढउतारही त्याच्याबरोबर पुसले जातात. यावर आमच्यात जेवढी भांडणं होतात तेवढी गिरमिटावरून कधी झाली नाहीत.

एवढं सगळं केल्यावर जे हाती लागलं ते मात्र स्वच्छ आहे. माथ्यावरच्या झाडांना ऊब हवी. जून-जुलै गरम गेले तर वलय रुंद, थंड गेले तर अरुंद. १८१५ मध्ये तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही, आणि माथ्यावरच्या आमच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या काडीत १८१६ चं वलय नखाने ओढलेल्या रेघेएवढं आहे, गडद कडही फिकी पडलेली. खालच्या पट्ट्यात चारशे मीटर उतरलं की तीच जात, तेच आकाश, आणि तक्रार उलटी. तिथे ऊब पुरेशी आहे, पाणी कमी पडतं. १९७६ आणि २००३ हे दुष्काळी उन्हाळे खालच्या काड्यांमध्ये चिमटा काढल्यासारखे दिसतात. वरच्या काड्यांमध्ये २००३ शोधायला भिंग लागतं. स्प्रूसची मुळं उथळ असतात, वरची माती सुकली की त्याच्याकडे दुसरी सोय नसते.

आदल्या वर्षाचाही हात असतो. मागचा उन्हाळा सरताना कडक तापला, तर यंदाचं वलय अरुंद निघतं. अशा उन्हाळ्यात साठा कमी होतो आणि पुढच्या वर्षीच्या शंकूंची तयारीही होते, मग लाकडासाठी उरतं काय?

आणि एक पट्टा असा आहे की ज्याचा ना उन्हाशी संबंध ना पावसाशी. १९७० आणि ८० च्या दशकांत माथ्यावरची वलयं आक्रसतात, चांगल्या उन्हाळ्यांतसुद्धा. तो कोळशाच्या धुराचा, सल्फर डायऑक्साइडचा काळ. जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत तेव्हा स्प्रूसची जंगलंच्या जंगलं वाळली. नव्वदच्या दशकात धूर आवरला आणि काड्या पुन्हा सैल झाल्या. करवत नाही म्हणून माणूस नाही, हा माझा गैरसमज तिथे फिटला.

उभ्या मेलेल्या झाडांतही मी हे गिरमिट चालवलंय. लागवडीत मेलेलं झाड उचलून नेतात, इथे ते उभंच राहतं, आणि जिवंत झाडांच्या काड्यांशी त्याची रचना जुळवली तर ते कोणत्या वर्षी मेलं ते निघतं, शिवाय वलयांची मालिका मागेही लांबते. पण वाळलेलं लाकूड कडक, काडी तीन-चार तुकड्यांत येते, आणि इथे त्या कागदी चमच्याने पुन्हा दगा दिला. भुंगेऱ्याने मेलेल्या झाडाची काडी ओळखू येते. सालीकडचा भाग निळसर करडा, भुंगेऱ्याबरोबर आलेल्या बुरशीमुळे. २०१८ च्या दुष्काळानंतर मध्य युरोपातल्या सखल भागातले स्प्रूस या भुंगेऱ्याने किती खाल्ले ते सर्वांनी पाहिलंय. आमच्या खालच्या पट्ट्यातही निळ्या काड्यांचा खोका दरवर्षी भरत चाललाय.

निगा फारशी लागत नाही, पण जी लागते ती टाळू नका. दर दोन-तीन झाडांनंतर आट्यांना मधमाशीचं मेण. संध्याकाळी राळ टर्पेंटाइनने पुसायची, दांडा आतूनही, मग तेलाचा हात. धार गेली की काडी स्क्रूसारखी पीळ पडून येते, आणि पिळाची काडी खाचेत चिकटवणं म्हणजे शिक्षा. मी महिन्यातून एकदा टोक कोऱ्या कागदावर टेकवून फिरवते. गोल टिकली स्वच्छ कापली गेली तर ठीक, कडा फाटली तर दगडावर धार. कंपनीचा धारेचा संच बरा आहे, एवढंच म्हणेन. पहिल्यांदा धार लावताना घाई केलीत तर टोक वाकडं होईल आणि नवा दांडा घ्यावा लागेल. आधी कुणाकडून तरी शिकून घ्या.

लांबीत मात्र मी फसले, आणि यात कंपनीचा दोष नाही. ४० सेंटिमीटर म्हणजे ८० सेंटिमीटर जाडीचं झाड आरामात, असा माझा हिशेब. त्यात साल धरली नाही, आणि गाभा खोडाच्या मधोमध नसतो हेही धरलं नाही. जुन्या जंगलातली जी झाडं सगळ्यात जास्त बोलतील त्यांच्याच गाभ्यापर्यंत हे पोचत नाही. काडीच्या शेवटच्या वलयांच्या वळणावरून, पारदर्शक कागदावर काढलेली वर्तुळं ठेवून, गाभा किती दूर राहिला याचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. माथ्यावरचं ४२ नंबरचं झाड असंच हुकलं.

म्हणून आता ६० सेंटिमीटरचं मागवलंय. हो, त्याच कंपनीचं. दांडा तसा दुसरीकडे मिळत नाही. चमचे दोन सांगितलेत, लांबी पत्रात तीनदा लिहिलीय. ४२ नंबरला पुन्हा भोक पाडायचं की नाही हे ठरलेलं नाही. स्प्रूस राळ ओतून जखम बुजवतो, पण आत भोकाभोवती लाकूड काळवंडतं, आणि त्या वाटेने बुरशी शिरण्याचा धोका असतो. राखीव जंगलात एका झाडाला एकच काडी, या अटीवर आमचा परवाना आहे, दुसरीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. मागच्या सप्टेंबरात बघून आले, जुन्या भोकावर राळेचा पांढुरका गोळा बसलाय, अंगठ्याच्या नखाएवढा. वहीत त्याच्यापुढे सध्या ‘किमान २९६’ असं लिहिलंय, पेन्सिलीने.